जनकामावशीचं उपासाचं दळण

बीबी गावच्या भागवतचा राग ज्यानं पाहिला नाही तो सुखी, असं गावात म्हणतात. म्हणतात तेही दबक्या आवाजात. गिरणीवाला माणूस, अख्ख्या गावाचे डबे हाताखालून जाणार, आणि राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. गहू ओले असले तर ओरडणार. गहू कोरडे असले तर डब्याला झाकण नाही म्हणून ओरडणार. झाकण असलं तर लाईट गेली म्हणून ओरडणार, जणू काही ती बाईच लाईट पदरात बांधून घेऊन गेली. गावात दुसरी गिरणी नव्हती असं नाही, पण ती पार फाट्यावर. तिथवर डबा डोक्यावर नेण्यापेक्षा भागवतचं ऐकून घेतलेलं परवडलं, असं म्हणून बाया गप्प बसायच्या.

मग काही वर्षांमागं एक दिवस एका बाईवर तो असाच कडाडला आणि तिच्या मागं उभी असलेली तिची पोरगी काजल, असेल तीन-चार वर्षांची, तिनं भीतीनं उभ्याउभ्याच फ्रॉक ओला केला. बाई ओशाळली. पदरानं फरशी पुसायला लागली. भागवतनं तिच्या हातून काम काढून घेतलं, स्वतः पोतं आणून फरशी पुसली, आणि त्या दिवशी दुपारीच गिरणीला कुलूप लावून घरी येऊन बसला. बायकोला, छायाला, एवढंच म्हणाला, "मी मानूस हाय का जनावर वं?" छायानं उत्तर दिलं नाही. खरं उत्तर द्यायची ती वेळ नव्हती, आणि खोटं तिला येत नाही.

तेव्हापासून गड्यानं स्वतःच स्वतःला वळण लावायला घेतलं. कोणी गुरू नाही, कुठलं शिबिर नाही. जे हाताशी होतं त्यातूनच त्यानं आपल्या युक्त्या काढल्या. चक्कीचे दगड जास्त आवळले गेले की पीठ गरम येतं, करपल्याचा वास मारतो, मग वरचा दांडा थोडा फिरवून दगड ढिले करावे लागतात. भागवत राग आला की स्वतःलाच म्हणायला लागला, "दगड ढिले कर, भागवत." मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. मग स्वतःला विचारायचा, हा राग समोरच्या बाईचा हाय, का घरून आनला? घरून आणलेला असला तर बाईच्या डब्यात तो टाकायचा नाही. तरीही चित्त ठिकाणावर आलं नाही, तर मागच्या अंगाला जाऊन तोंडावर पाणी मारायचं, गमछा झटकायचा आणि परत येऊन पहिली बाई दिसेल तिला विचारायचं, "काय बेत आज घरी?" बाई कोड्यात पडायची, पण सांगायची. कोणाकडं मेथी, कोणाकडं पिठलं. ते ऐकता ऐकता ह्याचा चेहरा सैल व्हायचा. आणि एकदा का गडी खुलला, की कुठलंसं भजन गुणगुणायचा. शब्द धड येत नव्हते. चाल तरी कुठं धड होती.

चालायचं मात्र हे औषध. खरंच चालायचं. मन आंबलं की घटकाभरात ताजं करता येतं, हे त्याला कळलं आणि तो त्यावर खूश झाला. जरा जास्तच खूश झाला. लोकांना सांगत सुटला. छायाला म्हणाला, "तूबी करत जाय. राग आला की अशी गमछा झटकल्यावानी झटकून टाकायची."

"मले कुठी येते राग?" छाया भाकरी थापता थापता म्हणाली. "येयाले जागा तरी ठेवली का तुमी घरात?"

तो हसला. बायकोनं विनोद केला असं त्याला वाटलं.

तर आता ह्या नवरात्रातली गोष्ट.

नवरात्रात गिरणीचा एक नेम असतो. सकाळी उघडल्याबरोबर आधी उपासाचं दळण. त्या आधी दगड ब्रशनं साफ करायचे, मूठभर भगर फिरवून ते पीठ गाईसाठी बाजूला काढायचं, मग बायांच्या भगर-राजगिऱ्याला हात लावायचा. उपासाचं संपेपर्यंत गहू नाही, ज्वारी नाही, आणि डाळ तर नाहीच नाही. हा नेम कुठं लिहिलेला नसतो. बाया विश्वासानं डबा ठेवून जातात, एवढ्यावरच तो चालतो.

त्या दिवशी सकाळी सकाळी भागवतला मलकापूरहून मुलाचा फोन आला. हरिओम तिथं कापडाच्या दुकानात कामाला. दसऱ्याला येणं जमत नाही म्हणाला. सुट्टी नाही. भागवत म्हणाला, "नको येऊ. तुही मर्जी." आणि फोन ठेवून दिला. मग तो गिरणीत आला तो फणफणतच. दारात रंगराव उभा. त्याच्या वावरात सोयाबीनची सोंगणी लागलेली, मजूर आलेले, त्यांच्या पिठल्याला बेसन पाहिजे, आत्ताच्या आत्ता पाहिजे. एरवी भागवतनं त्याला नेम सांगून बाजूला बसवलं असतं. पण आज बोलायचीच इच्छा नव्हती. "आन इकडं," म्हणाला, आणि हरभऱ्याची डाळ चक्कीत ओतून त्याला वाटेला लावलं.

रंगराव गेला. भागवत एकटा उरला, आणि आपण फार चिडलो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. लगेच त्यानं आपली औषधं काढली. दगड ढिले कर, भागवत. हा राग हरिओमचा हाय, गिऱ्हाइकाचा नाही. मागं जाऊन तोंड धुतलं, गमछा झटकला. परत येतो तर समोर जनकामावशी, डोक्यावर डबा घेऊन.

जनकाबाई म्हणजे गल्लीच्या टोकाची म्हातारी. नवरा कधीचाच गेलेला, घरात ती एकटी. एकच लेक, सुचिता, देऊळघाटला दिलेली. सुचिताचं आधी दोनदा पोट राहिलं आणि दोनदा रिकामं झालं. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत आणि यंदा सगळं नीट चाललंय.

"काय बेत आज, मावशी?" भागवतनं विचारलं.

"बेत कसचा, बाप्पा. उपास हाय." मावशीनं डबा खाली ठेवला. "यंदा पोरीसाठी धरला. घट उठेपर्यंत एकवेळ, ह्याच पिठाची भाकर. अन्नाचा कणबी लागू द्याचा नाही, असं बोलली मी देवीले. नीट दळजो, भागवता."

"काळजीच करू नको."

आणि खरंच त्याला त्या घडीला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू. पोराचा राग गेला होता, म्हातारीची माया वाटत होती, सकाळ छान होती. गुणगुणत गुणगुणत त्यानं डबा उचलला आणि भगर-राजगिरा सरळ चक्कीत ओतला. ब्रश नाही. मूठभर भगर नाही. काही नाही.

मावशी पीठ घेऊन गेली. त्यानं पीठ पडायची कापडी नळी झटकायला हातात घेतली आणि बोटं पिवळी झाली. वास घेतला. हरभरा.

दारापर्यंत पळाला. मावशी गल्लीच्या वळणाला लागलेली, पाठ दिसत होती. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. पण तेवढ्यात दोन बाया डबे घेऊन आल्या, दोन्ही उपासाच्या, आणि त्यांच्यासमोर काय ओरडायचं? मावशी, थांब, तुझ्या उपासाच्या पिठात मी डाळ घातली? तो तिथंच थांबला. त्या दोघींचं दळण मात्र त्यानं दगड दोनदा साफ करून काढलं. म्हातारीचा उपास बुडवून मग हा असा सोवळा झाला.

संध्याकाळी गेला तो तिच्या घरी. गेला नाही असं नाही. दारातच त्याला आतला आवाज ऐकू आला, मावशी फोनवर लेकीशी बोलत होती. "तुले काई होत नाई, पोरी. मी उपास असा कडक धरला की देवीले ऐकाच लागते. तू निवांत झोप." भागवतचा हात कडीवरच राहिला. आता आत जाऊन काय सांगायचं? तो उलट्या पावली परत आला.

पुढचे दिवस त्याचे कसे गेले ते त्याचं त्याला माहीत. जेवायला बसला की घास फिरायचा. भाकरीचा तुकडा मोडला की मावशी डोळ्यापुढं यायची, डाळीच्या पिठाची भाकर देवीचं नाव घेऊन खाणारी. लेकीला काही झालं तर? तिला तर कधी कळणारही नाही, की उपास कुणी मोडला. ती स्वतःलाच बोल लावत बसेल. आणि काही झालं नाही तरी काय, खोटा तो खोटाच.

स्वतःची समजूत त्यानं घातली होतीच. सांगितलं तर म्हातारीचा धीर सुटेल. ह्या वयात, अशा वेळी, कशाला? तिच्याच भल्यासाठी गप्प राहतो. असं तो स्वतःला म्हणायचा. आता मी सांगतो खरं काय होतं ते. गावात कळलं तर एकही बाई उपासाचा डबा त्याच्या दारात ठेवणार नव्हती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हातारीची काळजी होती, नाही कशी. पण ती दुसरी भीती आधी उभी होती आणि हा तिला मावशीचं लुगडं नेसवून फिरवत होता.

दुसऱ्याच दिवशी तर काय झालं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, जीव नुसता कासावीस झालेला. सवयीनं तो मागं गेला, तोंडावर पाणी मारलं, गमछा झटकला, पुढं आला. एक बाई दिसली, तिला बेत विचारला. तिनं साबुदाण्याच्या वड्यांचं काहीतरी सांगितलं, दोघं हसले. आणि भागवतला हलकं वाटलं. घटकाभर तो मावशीला विसरला, अगदी भजनसुद्धा ओठावर आलं. मग एकदम त्याच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग झटकावा, ठीक आहे. पोराशी भांडण झालं ते झटकावं. पण हेही झटकून टाकायचं? हेही जर गमछ्यातून जात असेल, तर मग माझ्यात राहते तरी काय, असं त्याला वाटलं.

मग एका संध्याकाळी मावशी गिरणीवरून गेली. भिंतीला हात लावत लावत चालत होती.

"मावशी," त्यानं विचारलं, आणि विचारताना तिच्याकडं पाहिलं नाही, "पीठ बरं होतं ना?"

"लय चांगलं. भाकर अशी मऊ होते, बाप्पा."

उपासानं थकली असेल, असं त्याला वाटलं. ह्या वयात उपास म्हणजे काय खाऊ आहे का. त्या बिचारीचे हे हाल, आणि तेही फुकट.

अष्टमीच्या सकाळी छायानं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि समोरच बसली. "काय झालं ते सांगा. गाणं बंद हाय तुमचं."

त्यानं सांगून टाकलं. सगळं, रंगरावच्या डाळीपासून दाराच्या कडीपर्यंत. छाया ऐकत होती. तिच्या कपाळावर आठी पडली. तो थांबल्यावर म्हणाली, "मंग अथी बसून काय करता? जा आन सांगा म्हातारीले."

"गावात कळलं तर?"

"कळू द्या."

तो गिरणीत गेला. त्यानं चक्की खोलली, दोन्ही दगड ब्रशनं घासून काढले, नळी धुऊन वाळवली, पेटीचे कोपरे बोटानं पुसले. दुकानातून भगर आणि राजगिरा आणला, पहिली मूठ गाईची काढली आणि मग दळलं. दळताना तोंडातून शब्द काढला नाही. पिठाचा डबा घेऊन तो मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ये ना, भागवता. दारात काऊन उभा?"

आत एका कोपऱ्यात घट होता. पेरलेल्या धान्याचं हिरवंगार धन वर आलेलं, पुढं दिवा. मावशी खाटेवर बसली होती. तिची गालफडं बसली होती. भागवत खालीच बसला आणि एका दमात बोलून गेला. रंगरावची डाळ दळली होती. दगड साफ केले नाहीत. तुह्या पिठात बेसन गेलं. त्याच दिवशी समजलं होतं मले. सांगतलं नाही. भेलो मी, मावशी. तुह्यासाठी नाही, माह्यासाठी भेलो.

मावशी भिंतीला धरून उठली, आतल्या फळीवरचा डबा काढला आणि त्याच्यापुढं ठेवून झाकण उघडलं. डबा गच्च भरलेला होता. त्यातून एका भाकरीपुरतं पीठ तेवढं गेलेलं.

"तव्यावर टाकल्याबरोबर वास आला," ती म्हणाली. "येवढी वर्सं चूल फुकली, मले बेसनाचा वास नाही येनार? ती भाकर गाईले टाकली. तोंडाले लावली नाही. उपास काई मोडला नाही, बाप्पा. तू ते मनात नको ठेवू."

भागवतला आधी नुसतं हायसं वाटलं. जीव भांड्यात पडला. आणि मग तो त्या डब्याकडं पाहत राहिला.

"मंग तू खात काय होती, मावशी?"

"दूध राहते वाटीभर. शेंगदाणे." ती म्हणाली. "म्हातारीले लागते किती."

"एवढे दिवस? शेजारी कोनाले मागतलं असतं पीठ."

"मागतलं असतं तर इचारलं असतं ना, तुह्यं दळलेलं काय झालं? काय सांगू मंग? तुह्यं नाव निघालं असतं. नवरात्रात." मावशीनं पदर सावरला. "बायाईनं आनले असते का डबे तुह्याकडं?"

"मले तरी सांगाचं होतं. मले काऊन नाही सांगतलं?"

"आलती ना सांगाले. दुसऱ्याच दिवशी आलती डबा घेऊन. तू भजन म्हनून राह्यला होता. मनलं, असू दे. बरा हाय आज. कायले बिघडवा? आन तुह्यं एकदा बिघडलं की छायाले भोगा लागते, ते काय मले माहीत नाही?"

"आता नाही तसं, मावशी. मी बदललो."

"बदलला ना. सारं गाव म्हनते, बदलला." ती समजूत घालत म्हणाली. "मनूनच तर सारे जपतात तुले. बाया गल्लीतच एकमेकीले पुसतात, भागवत कसा हाय आज? गुनगुनून राह्यला म्हंजे जा, दळून आना, पन वाकडं काई बोलू नका. पीठ जाड आलं तरी चाळून घेतात घरी. तुले कोनी सांगत नाही."

इतकी वर्षं ह्याला वाटत होतं, आपलं मन आपण सांभाळतो. गमछा झटकला की झालं. ते झटकलेलं जायचं कुठं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. गावातल्या बाया ते पदरात घेत होत्या, छाया घेत होती, आणि ही म्हातारी तर त्याच्या भजनापायी इतके दिवस वाटीभर दुधावर राहिली होती. आणि वर भाकर मऊ होते म्हणाली होती. त्याची मान खाली गेली, डोळे भरून आले.

मावशी त्याच्याजवळ सरकली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असं तोंड नको पाडू, बाप्पा. चुकते मानूस. हास बरं जरा. तुले असं पाह्यलं की मलेच कसंतरी होते."

तिच्यासाठी हसावं असं त्यालाही एकदा वाटलं. जमलंही असतं. इतक्या वर्षांची सवय होती. पण त्यानं नव्या पिठाचा डबा उघडला आणि तिच्यापुढं सारला.

"माह्याकडं नको पाहू, मावशी," तो म्हणाला. "तू भाकर टाक आन खाय."

मावशीनं परात घेतली, पण पीठ मळायला तिच्या हातात जोर नव्हता. मग त्यानंच परात ओढून घेतली. भाकर काही धड झाली नाही, कडेला फाटली. मावशीनं देवीचं नाव घेतलं आणि ती पाण्यात बुडवून हळूहळू खाल्ली. ती जेवेपर्यंत तो समोर बसून होता. तिनं दोनदा वर पाहिलं, त्याचा चेहरा बदलला का म्हणून. त्यानं तो बदलला नाही.